मागच्या सीटखालची बॅटरी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज गाडीने मान टाकली. किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. ड्रायव्हरच्या जागी नर्सबाई, रात्रपाळी संपवून थेट शिकायला आलेल्या, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून. शेजारी मी. मागे सासूबाई. आणि रस्त्यापलीकडे, आपल्या फाटकाला टेकून चहा पीत, उस्ताद.

उस्ताद हे मी ठेवलेलं नाव. त्याची ड्रायव्हिंग स्कूल इथली सगळ्यात जुनी. माझं ऑफिस बंद पडलं आणि मी एक जुनी गाडी घेऊन फक्त बायकांना शिकवायला लागले, तेव्हापासून मी त्याच्या डोळ्यांत सलते.

"वहिनी, धक्का द्यायला माणसं पाठवू का?" तो तिकडून ओरडला.

"पाठवा, पण बायका पाठवा. या गाडीला बायकाच हात लावतात."

तो हसला. मीही हसले. आत मात्र नुसती आग.

संध्याकाळी नवरोबांना सांगितलं तर म्हणाले, "गाडीच सांगतेय तुला, आता पुरे कर." हे एक बरं आहे. माझं कधी ऐकलं नाही, पण गाडीचं मात्र लगेच ऐकू आलं. विकून टाक, विकून टाक, हे त्यांचं पालुपद चालूच. मी विकणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मन डळमळलं तर वाचता येईल.

सासूबाईंबद्दलही एकदा लिहूनच टाकते. प्रत्येक शिकवणीला त्या मागे बसतात. घरात एकटीला करमत नाही म्हणे. खरं कारण मला ठाऊक आहे. लेकाने पाळत ठेवायला बसवलंय. बरं, गप्प बसतील तर शपथ. आज गाडी मेलेली, तरी मागून विचारतात, "तू सगळ्यांना क्लच अर्धा सोड म्हणतेस. अर्धा म्हणजे नक्की किती गं?" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

५ फेब्रुवारी, बुधवार

बॅटरीवाला आला. बॅटरी संपलीच होती, नवी घातली.

आमच्या गाडीची बॅटरी पुढे बॉनेटखाली नाही, मागच्या सीटखाली आहे. त्याने सीट उचलली, जुनी बॅटरी ओढून काढली, नवी टाकली, पाना फिरवला, झालं. कानाला मोबाइल लावूनच सगळं काम. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"ही नळी कशाची?" त्यांनी विचारलं. सीटखाली बोटाएवढी जाड एक काळी रबरी नळी लोंबत होती.

"असेल जुनं काहीतरी, आजी."

"मघाशी जुन्या बॅटरीला लागलेली होती. तुम्ही ओढलीत तेव्हा सुटली."

"आजी, नवी बॅटरी सीलबंद आहे. तिला काही लागत नाही."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. कामाच्या माणसाच्या कामात किती नाक खुपसावं? मीच म्हटलं, "आई, चला, चहा टाकू या." त्याने नळी कोपऱ्यात ढकलली आणि सीट खाली दाबली.

गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मी मुद्दाम उस्तादच्या फाटकावरून दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला हॉर्नही दिला. पोरकटपणा, पण जिवाला गार वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवी तक्रार. सासूबाईंना गाडीत वास येतो. नासलेल्या अंड्यासारखा. डोळेही चुरचुरतात म्हणे.

मी पुढे बसून जोरजोरात श्वास घेतला. काही नाही. नर्सबाईंना सर्दी, त्यांना काय कळणार? धुळीमुळे काचा बंद ठेवतो, म्हणून कोंदट वाटत असेल. पण मला यातली मेख कळते. आधी वास, मग चक्कर, मग "बाई गं, तुझी ती गाडी बंदच कर."

तशाही त्या हल्ली विचित्र वागतात. चपला सोडून नाडीचे बूट घालायला लागल्यात, पाय दुखतात म्हणून. डोळे तपासून लांबचा चष्मा करून आणला. माझ्यावर नीट नजर ठेवायला लागत असेल. आणि गाडी चालू असताना मागे उजवा पाय सारखा आपटत असतात, तालात. घरी जायची घाई, दुसरं काय?

९ फेब्रुवारी, रविवार

अंदाज खरा ठरला. जेवताना नवरोबा म्हणाले, "आईला त्रास होतोय म्हणे गाडीत. बंद कर आता."

मी ताटावरून उठणारच होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बंद कर असं मी म्हटलेलं नाही. वास येतो एवढंच म्हटलं."

"म्हणजे तेच ना, आई."

"तेच कसं? दुधाला वास आला तर दूध बघायचं. गाय विकतोस का तू?"

मी मनात म्हटलं, वा, काय साळसूदपणा. काडी टाकायची आणि वर पाणीही आपणच ओतायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज फार वाईट झालं. नर्सबाई वळण घ्यायला शिकत होत्या, गर्दीत, अगदी हळू. बराच वेळ तेच चाललं होतं. मागून सासूबाई म्हणाल्या, "थांबव." आवाज वेगळाच. दार उघडून त्या रस्त्याच्या कडेला वाकल्या आणि सगळं पोटातलं बाहेर पडलं. डोळे लालभडक, पाणी गळत होतं.

नर्सबाईंनी त्यांना धरलं, पाणी पाजलं, डोळे धुतले. मग मला म्हणाल्या, "ताई, हे नाटक नाहीये."

मी नाटक हा शब्द त्यांच्याजवळ कधीच बोलले नव्हते. तोंडावर दिसत असेल माझ्या.

मग मी पहिल्यांदाच मागे, सासूबाईंच्या जागेवर जाऊन बसले. दार लावलं. सीटच्या फटीशी नाक नेलं आणि तशीच बाहेर आले. नासकं अंडं आणि त्यात काहीतरी तिखट, घशाला बोचणारं. इतके दिवस या बाईला मी त्यावर बसवून हिंडवत होते. स्वतः पुढे, गाडीतल्या पंख्याच्या तोंडाशी.

सासूबाई कडेच्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "आता येतोय ना वास?"

"येतोय."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. खरं तर त्यांनी चार शब्द सुनवायला हवे होते. मला सोपं गेलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बॅटरीच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवलं, मग एक मुलगी आली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, बॅटरी गाडीत कुठे बसवली आहे?"

सीटखाली म्हटल्यावर तिचा आवाज बदलला. तिने समजावून सांगितलं, ते आठवतं तसं लिहिते. बॅटरी चार्ज होताना आतून वायू निघतो. सीलबंद असली तरी निघतो. सीलबंद म्हणजे पाणी घालावं लागत नाही, एवढंच. बॉनेटखाली असेल तर वाऱ्यावर उडून जातो. सीटखाली असेल तर तो बाहेर काढायला नळी लागते. बॅटरीच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं असतात. एकाला बूच आणि दुसऱ्याला नळी. नळीचं तोंड गाडीच्या तळातून बाहेर.

"आणि नळी नसेल तर?"

"वायू आत साठतो, मॅडम. त्याला ठिणगी पुरते. शिवाय एवढा वास येतोय म्हणजे चार्जिंग जास्त होत असेल, तेही तपासून घ्या. तोवर गाडी चालवू नका. आणि त्या सीटजवळ कुणाला सिगारेट ओढू देऊ नका."

फोन ठेवला आणि पाच तारखेचं पान काढून पुन्हा वाचलं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "ही नळी कशाची" विचारलं होतं आणि मी त्यांना चहाला पिटाळलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅटरीवाल्याच्या दुकानात गेले. नेमका उस्ताद तिथेच बसलेला.

सगळं सांगितलं. बॅटरीवाला म्हणाला, "ताई, इतक्या बॅटऱ्या बसवल्या, एकही तक्रार नाही. काचा उघड्या ठेवा, वास जाईल. आणि म्हाताऱ्या माणसांना कशाचाही वास येतो."

उस्तादने सूर लावला. "वहिनी, स्टीअरिंग धरता आलं म्हणजे गाडी कळली असं नसतं. कशाला डोक्याला ताप? माझ्याकडे सोपवा, मी बघतो."

"तुम्ही काय बघणार? वास तर माझ्या गाडीत येतोय."

दुकानामागे जुन्या बॅटऱ्यांचा ढीग होता. आमची वरच होती, लाल हँडलवाली. तिच्या एका कुशीला प्लॅस्टिकचा काळा एल्बो, म्हणजे नळी जोडायचा वाकडा तुकडा, अजून चिकटलेला आणि दुसऱ्या कुशीला बूच. बोटं दुखेपर्यंत फिरवून दोन्ही उपटून काढली. हाताला पांढरी भुकटी लागली ती त्याच्याच नळावर, त्याच्याच साबणाने धुतली.

"तिला काही लागत नाही म्हणालात ना, ते हे," मी म्हटलं आणि दोन्ही वस्तू त्याच्या काउंटरवर ठेवून दाखवल्या. त्याने मोबाइल कानाला लावला. तो वाजलाही नव्हता.

"सोमवारी माणूस पाठवतो," म्हणाला.

"नको. माझे आहेत दोन हात," म्हणत मी दोन्ही वस्तू उचलल्या.

घरी येईपर्यंत तो तोरा टिकला. गाडीसमोर उभी राहिले तेव्हा गेला. मी आयुष्यात कधी बॅटरीला हात लावलेला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं. सगळं क्रमाने लिहिते.

नर्सबाई सुट्टी असूनही आल्या. "नळ्या जोडणं हा माझा धंदा आहे, ताई," म्हणाल्या. गाडी ढकलत अंगणात घेतली, चारही दारं आणि डिकी उघडली आणि नुसत्या बसून राहिलो, आतलं सगळं निघून जाईस्तोवर. हातातलं सगळं काढायचं होतं, कारण धातू बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागला तर ठिणगी. माझं घड्याळ, बांगड्या निघाल्या. सासूबाईंची अंगठी निघेना. त्यांनी साबण लावून बोट सोलवटेपर्यंत ओढली. "आई, तुम्ही नुसत्या बघा," म्हटलं तर म्हणाल्या, "बघून बघून डोळे गेले माझे. आता हात लावू दे."

सीट उचलली तेवढ्यात नवरोबा तमाशा बघायला आले. ओठात सिगारेट, हातात काडेपेटी.

"विझव," सासूबाई म्हणाल्या.

"अजून पेटवलीही नाही, आई."

"मग पेटवू नकोस. आणि फाटकाबाहेर उभा राहा."

असा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. नवरोबा निमूटपणे फाटकाबाहेर गेले आणि तिथून टाचा उंचावून बघत राहिले.

आधी काळी, निगेटिव्ह वायर सोडवली. मग लाल. बॅटरी बाहेर घेतली. नर्सबाईंनी एका भोकात बूच दाबलं, दुसऱ्यात एल्बो, आणि एल्बोवर नळी चढवायच्या बेतात होत्या, तर सासूबाई म्हणाल्या, "थांबा. या नळीचं दुसरं टोक उघडं आहे का, ते बघितलं का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. नर्सबाईंनी नळी स्वच्छ पुसून फुंकून बघितली. गाल फुगले, चेहरा लाल झाला, पण हवा जाईना. म्हणजे नुसती जोडून ठेवली असती तर सगळं पुन्हा आतच.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघेपर्यंत सासूबाईंनी अंगणात गोणपाट पसरलं, उताण्या झोपल्या आणि सरकत गाडीखाली गेल्या. बाहेर फक्त नाडीचे बूट.

"आई," फाटकाबाहेरून नवरोबा ओरडले, "वय बघ स्वतःचं."

"वय नंतर बघू. तार द्या मला कुणीतरी."

कुंभारमाशीने नळीच्या तोंडात मातीचं घर केलं होतं. गच्च, विटेसारखं. त्यांनी तारेने टोकरून टोकरून काढलं. मग नर्सबाईंनी वरून पुन्हा फुंकलं आणि गाडीखालून आवाज आला, "आली. तोंडावर आली हवा." धूळ पडून त्यांचे केस, भुवया सगळं मातकट झालं होतं आणि त्या हसत होत्या.

मग नळी चढवली, ती कुठे दुमडत नाही ना ते पाहिलं. बॅटरी जागेवर ठेवून पट्टा आवळला. आधी लाल, मग शेवटी काळी. शेवटचा नट मी पिळला. गाडी सुरू झाली.

नवरोबा आत येताना म्हणाले, "बाहेरून करून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "बाहेरून करून घेतलं होतं, तेव्हाच बिघडलं."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडून चार्जिंग तपासून घेतलं. फोनवरची मुलगी बरोबर होती, जास्तच होत होतं. त्याने चार्जिंग आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बदलला. मग काचा बंद करून मी मागे बसले, नर्सबाई पुढे, भर गर्दीत बराच वेळ. वास नाही. सासूबाईंना म्हटलं, "आता तुम्ही पुढे बसत जा." म्हणाल्या, "पुढे? कुठल्या बाजूला?" मला प्रश्नच कळला नाही. पुढे म्हणजे पुढे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उस्ताद दारात. सोबत त्याचा ड्रायव्हर.

"गाडी न्यायला आलोय, वहिनी. साहेबांशी बोलणं झालंय."

मी नवरोबांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्राकडे पाहत होते. महिनाभरापूर्वीच शब्द दिला होता म्हणे. माझ्या नावावरची गाडी, माझी शाळा, आणि शब्द यांचा.

"गाडी मिळणार नाही," मी म्हटलं.

"अगं, जरा विचार कर. रोजची कटकट, लोकांचं बोलणं..."

"लोक बोलत नाहीत. तुम्ही बोलता."

आवाज चढले. तेवढ्यात सासूबाई आतून पदराला हात पुसत आल्या. मला वाटलं, आता लेकाची बाजू घेणार. तेवढ्यासाठीच तर इतके दिवस मागे बसत होत्या.

"गाडी कुठे जायची नाही," त्या म्हणाल्या. "माझं शिकणं अर्धं राहिलंय."

कुणाला काही कळेना. मलाही नाही.

"कुणाचं शिकणं?" नवरोबांनी विचारलं.

"माझं. इतके दिवस मागे बसून मी काय माश्या मारत होते?"

"आई, तू सत्तरी ओलांडलीस."

"ठाऊक आहे. ओलांडली तेव्हा मी तिथेच होते."

"आणि गाडी शिकून जायचंय कुठे तुला?"

"तुझ्या बहिणीकडे."

माझी नणंद नदीपलीकडे राहते. सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्यावरून भावाबहिणीत वाजलं, तेव्हापासून ती इकडे येत नाही आणि हे तिकडे जात नाहीत. आणि सासूबाईंना कुणी नेत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

"तू नेत नाहीस," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "तिची धाकटी आता चालायला लागली म्हणे. मी कुणाच्या पाया पडणार नाही. मी जाईन."

उस्ताद घसा खाकरून म्हणाला, "आजी, या वयात हाडं..."

"तुमच्याकडे नाव घालत नाही. घाबरू नका."

तो गेला. मी सासूबाईंना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" म्हणाल्या, "तू मला ओझं समजत होतीस. ओझ्याने कशाला बोलायचं?" मला आपलं वाटत होतं की या घरात बंड करणारी मी एकटीच.

९ मार्च, रविवार

शिकाऊ परवाना मिळाला. डॉक्टरांनी डोळे, कान, गुडघे, सगळं तपासून सही केली. पहिल्याच दिवशी मोकळ्या मैदानावर गाडी इतक्या वेळा बंद पडली की मोजणं सोडून दिलं. पण आरसा बघायला एकदाही विसरल्या नाहीत. माझ्या सगळ्या शिकवण्या त्यांना तोंडपाठ आहेत, माझ्या चुकांसकट. "हे तू नर्सबाईंना वेगळं सांगितलं होतंस," असं तीनदा ऐकवलं.

३० मार्च, रविवार

आज निघालो. नणंदेला फोन केला नाही. सासूबाई म्हणाल्या, सांगून गेलं की ती नको म्हणायची तयारी करेल.

सकाळी बघते तर चारी चाकांत हवा टंच. कालपर्यंत मागचं एक बसलेलं होतं. नर्सबाईंनी भरली असणार, गुणाची बाई. नवरोबा मात्र बेसिनवर उभे राहून कसले काळे डाग साबणाने घासत होते. "काय लागलं?" विचारलं तर तिरसटपणे "काही नाही" म्हणाले. येता का म्हणून मी विचारणार होते, पण तो सूर ऐकून विचारलं नाही. त्यांना आमच्या जाण्याशी काही देणंघेणं नाही हे दिसतंच आहे.

सपाट रस्ता छान पार पडला. पुलाच्या चढावर मात्र समोर ट्रक थांबला, आम्ही थांबलो आणि गाडी बंद पडली. मागे रांग लागली. हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाला शेजारून जाताना खिडकीत वाकून म्हणाला, "आजी, घरी बसा."

सासूबाईंनी हँडब्रेक ओढला. गाडी सुरू केली. हँडब्रेक खाली करून क्लच सोडायला लागल्या, गाडी जराशी मागे सरकली आणि पुन्हा बंद. शिकवणीच्या गाडीत माझ्याही पायाशी ब्रेक असतो. मी तो कधी दाबला ते मला कळलंही नाही. मागचे हॉर्न आता थांबायचं नावच घेत नव्हते. मी म्हटलं, "आई, जागा बदलू या. पुलापुरतं. पुढे तुम्हीच घ्या."

त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तुझा पाय काढ."

"आई, मागे मोटार अगदी जवळ उभी आहे."

त्यांनी हँडब्रेक पुन्हा ओढला. "आरशात दिसतेय मला. पाय काढ."

मी पाय काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, त्यांना दिसतील असे.

त्यांनी किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडत आणला, सोडत आणला, आणि इंजिनाचा आवाज जड होईल तिथे बरोबर थांबवला. मग हँडब्रेक खाली केला. गाडी एक क्षण तशीच राहिली. मग चढाला लागली.